दोर ओढून घेणाऱ्या दिन्याला

दिन्या, शेंडी गावच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. आपल्या कॉलनीतल्या घराच्या दारापेक्षा उंच. त्यात तू हेल्मेट घालून, काळा चष्मा लावून कुठल्याशा कड्याकडे बोट दाखवतोयस आणि खाली लिहिलंय, 'सह्याद्रीचा वाघ कड्याच्या कुशीत विसावला.' त्याखाली शोकाकुल म्हणून ओळीने चेहरे छापलेत. त्यातल्या निम्म्यांनी तुला जन्मात पाहिलेलं नाही, आणि ज्याचा फोटो सगळ्यात मोठा आहे तो पुढची निवडणूक लढवणार असल्यामुळे शोकातसुद्धा हात जोडून हसतोय. वाघ म्हणे! मोरीत पाल दिसली की आंघोळ अर्धी टाकून ओरडत बाहेर येणारा वाघ. मी तुझी थोरली बहीण आहे, मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तुझ्या तंबूंच्या कॅम्पवर स्वयंपाक करणारा सोमा माझ्या शेजारी उभा राहून तो फ्लेक्स बघत होता. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, "बाई, ह्यो भाऊच हाय व्हय? भाऊ कवा असा बोट दावून हुबा ऱ्हायला? त्याच्या हातात कवा बी बघा, खेकडं न्हाईतर चहाचा कप." त्या दिवसभरात तुझ्याविषयी मी ऐकलेलं हे एकमेव शहाणं वाक्य.

बाकीची वाक्यं शोकसभेत झाली. मंडप तुझ्याच कॅम्पवर होता, पांढऱ्या खुर्च्या राजूरहून आणलेल्या. तुझा तो भागीदार सुजित माइक धरून अर्धा तास बोलला. सर असे होते, सर तसे होते, सरांनी दोन रात्री मृत्यूशी झुंज दिली, सर आपल्यातच आहेत. मधे मधे तो थांबायचा आणि व्हिडिओ काढणाऱ्या मुलाकडे बघायचा, चाललंय ना म्हणून. मग म्हणाला, "आता सरांच्या भगिनी दोन शब्द बोलतील." मी बसल्या जागेवरून मान हलवली, नाही म्हणून. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आवरत नाही. हुंदका कसला? मी उभी राहिले असते तर दोनच शब्द बोलले असते: मूर्खपणाने मेला. सुनंदा समोर बसली होती, मुक्ता समोर बसली होती, म्हणून गप्प राहिले. तुझी बायको आणि तुझी मुलगी ऐकणार नाहीत अशा ठिकाणी, म्हणजे इथे कागदावर, तुला एकट्याला सांगते.

झालं होतं ते एवढंच. दिवाळीनंतर तू एकटाच उंबरघळीत वरच्या तोंडाने शिरलास, कारण ती घळ दोराने वरून खाली अजून कुणी उतरलं नव्हतं आणि तुला पहिला व्हायचं होतं. कुणाला सांगितलं नाहीस, कारण दुसऱ्या कॅम्पवाल्यांना सुगावा लागला असता. वरचे कडे उतरलास, दर कड्यानंतर दोर खाली ओढून घेतलास, आणि शेवटच्या कड्याच्या डोक्यावर ओट्याएवढ्या कातळावर अडकलास. वर जायला दोर नाही, खाली जायला दोर पुरेना. सोमाला वाडीच्या वर तुझी मोटरसायकल दिसली म्हणून निदान तिसऱ्या दिवशी सापडलास. सुजितची पोरं वरून दोराने उतरली आणि तुला स्ट्रेचरवर बांधून वर ओढून काढलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी मनात म्हटलं, भीतीने पडलं असणार. अशा जागी तुझ्या वयाच्या माणसाचं हृदय बंद नाही पडणार तर काय नाचणार?

वाईट वाटण्याआधी मला तुझी लाज वाटली. खरं सांगते.

कारण आपल्या वडिलांनी आपल्याला असं शिकवलं नव्हतं. अण्णा पाटबंधारे खात्यात साधे कारकून. कोट नाही, बूट नाही, पायात टायरच्या चपला. पण रविवारी आपल्या दोघांना घेऊन धरणाच्या काठाने निघायचे आणि जो ओढा धरणात उतरताना दिसेल त्याच्या तोंडातून आत शिरायचे. नेहमी खालून वर. पाणी जिकडून येतंय तिकडे तोंड. "चढून गेलेल्या वाटेने उतरता येतं," ते म्हणायचे, "उतरलेल्या वाटेने चढता येईलच असं नाही." जिथे हातापायांनी चढता आलं नाही तिथे अण्णा कातळाला हात लावायचे, पिशवीतली भाकरी काढायचे, आपण खायचो आणि मागे फिरायचो. हरलो वगैरे कुणाच्या मनात यायचं नाही. उंबरघळीतही एकदा गेलो होतो. कमरेएवढ्या डोहापाशी अण्णा थांबले, तुझी उंची बघितली आणि म्हणाले, "पुढचं मोठे झाल्यावर." तू घरी येईपर्यंत रडत होतास. धरणाची भिंत दिसेपर्यंत मी तुला रडका म्हणून चिडवलं, आणि तू मला दगड मारलास.

मोठे झाल्यावर तू सुप्याच्या फॅक्टरीत लागलास आणि मी राहुरीत शाळेत भूगोल शिकवायला लागले. तरी पावसाळा सरला की आपण जायचो. तुझे भावजी हसायचे. "लोकांच्या बहिणी भाऊबीजेला ओवाळतात, ही भावाला चिखलात नेते," म्हणायचे. आणि ते गेले तेव्हा, तुला आठवतं? घर माणसांनी भरलेलं. जो येतो तो माझा हात धरून सांगतोय की देवाची इच्छा. तू आलास, दारातूनच म्हणालास, "ताई, बूट घाल." दिवसभर तू मला मुळा नदीच्या वरच्या अंगाला एका ओढ्यातून चालवलंस. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस, कारण तुला तो येत नव्हता. फक्त "इथे घसरडं आहे" आणि "हा दगड हलतो" एवढंच. संध्याकाळी घरी आले तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा मला भूक लागली होती. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती आणि आता ती नव्याने पाडणंही बावळटपणा होईल, पण मानते.

मग तू स्वेच्छानिवृत्ती घेतलीस आणि बिघडलास.

आधी तंबू लावलेस. काजवे बघायला पुण्याहून माणसं यायला लागली. अंधारात चमकणारा किडा बघायला यायचं आणि गाडीचे दिवे चालू ठेवायचे, असली माणसं. त्यांना तू सकाळी पोहे आणि संध्याकाळी भाषण द्यायचास. मग सुजित आला. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं, अंगावर सगळीकडे कड्या आणि हुक लटकवलेले, चाललं की कपबशांच्या ट्रेसारखं वाजणारं. त्याने तुला दोर शिकवला. म्हणजे दोर आपल्यालाही माहीत होता, विहिरीचा आणि गुरांचा. पण त्याचा दोर वेगळा. वरच्या झाडाला नुसता वळसा घालून दोन्ही टोकं खाली सोडायची, त्यावरून लोंबकळत उतरायचं, आणि खाली आलं की एक टोक ओढायचं. अख्खा दोर सरसरत खाली येतो आणि पुढच्या कड्याला वापरता येतो. मागची वाट मात्र गेली. या प्रकाराला ते 'कमिटमेंट' म्हणतात. मी त्याला दुसरं नाव ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही.

आपल्या घळींची नावंही गेली. घोरपडीची घळ 'ड्रॅगन व्हॅली' झाली. उंबरघळीला तर त्या पोराने नुसत्या वरून बघूनच 'मिस्टिक कॅनियन' म्हणून टाकलं, आणि तू ते पाटीवर रंगवून घेतलंस! तुझ्या कॅम्पच्या अंगणात, सगळ्यांसमोर, मी तुला विचारलं होतं, मिस्टिक म्हणजे काय ते सांग. तुला सांगता येईना. तू चिडलास. "ताई, तुला फक्त हसता येतं," म्हणालास. "तू आयुष्यभर खालून वर गेलीस आणि जिथे अडलं तिथून परत आलीस. घळीचं वरचं निम्मं अंग तू कधी बघितलंच नाहीस. ते बघायचं तर दोर लागतो."

"आणि दोर ओढून घेतल्यावर परत कसा येणार?"

"परत कशाला यायचं? पुढे जायचं."

"पुढे गाढवांचा बाजार आहे का?"

एवढं बोलून मी एसटीत बसले. नंतर तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, भाऊबीजेला तू आला नाहीस. ओवाळणीचं ताट मी सकाळी मांडलं आणि संध्याकाळी उचललं. आणि मग सोमाचा फोन आला. म्हणजे बघ, वादाचा निकाल माझ्या बाजूने लागला. दोर ओढून घेतलेला, पुढे वाट नाही, तू कातळावर. शाळेत मी एखाद्या पोराला सांगितलं असतं की असं करू नकोस आणि त्याने तेच केलं असतं, तर मला जसा संताप आला असता, तसाच आला. तेराव्याच्या जेवणात नातेवाईक म्हणत होते, काय भाग्यवान मरण, निसर्गात गेला, आवडत्या जागी गेला. आणि पुन्हा बुंदी वाढून घेत होते. मला त्यांच्या ताटाकडे बघवेना.

मी राहुरीला परत जाणार होते. पण सुजितने आणखी एक अक्कल पाजळली. तुझ्या महिन्याच्या दिवशी 'श्रद्धांजली मोहीम' ठरवली. उंबरघळीत वरून उतरायचं, तू सापडलास त्या कातळावर ड्रिलने भोकं पाडून स्टीलची पाटी बसवायची, वरून ड्रोन फिरणार, सगळ्यांच्या छातीवर तुझा चेहरा छापलेले टी-शर्ट. आणि सगळ्यात पुढे दोरावर कोण, तर मुक्ता. तुझी पोर. तिने हो म्हटलं होतं.

मी तिला कॅम्पच्या मागे गाठलं. ती दगडावर बसून चपात्यांचा ढीग बघत होती. खात नव्हती. महिनाभर ती नीट जेवलेली नव्हती. गालफडं बसली होती तिची.

"तू त्या दोरावर लटकणार नाहीस," मी म्हटलं.

"आत्या, मला जायचंय."

"त्या मर्कटाच्या व्हिडिओसाठी?"

"व्हिडिओ गेला उडत," ती म्हणाली. तुझ्यासारखीच नाक फेंदारून म्हणाली. "डोळा लागला की मला एकच दिसतं. बाबा त्या दगडावर बसलेत, वर बघून हाका मारतायत, दोन रात्री. आणि कुणी येत नाही. सुजितदादा सगळ्यांना तेच सांगतो ना, झुंज दिली, झुंज दिली. मला रोज ते दिसतं गं. निदान खरी जागा बघू दे. मनातली तरी जाईल."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण काय ओरडणार? मलाही तेच दिसत होतं. फरक एवढाच, की मी तुला तिथे बसलेला बघून वरून शिव्या देत होते आणि ती रडत होती.

"खालून जाऊ," मी म्हटलं. "उद्या. मी आणि तू. आधी खालून बघ, मग काय लटकायचं ते लटक."

"तुला जमेल? तुझे गुडघे?"

"माझ्या गुडघ्यांची चौकशी माझा भाऊसुद्धा करत नव्हता."

सोमाने सकाळी आम्हाला धरणाच्या पाण्याच्या कडेने घळीच्या तोंडापर्यंत सोडलं. तोंडाशीच चिप्सची पाकिटं आणि एक फुटकी बुटाची टाच. मोठ्या उंबराच्या बुंध्यावर कुणीतरी बाण रंगवलाय, 'मिस्टिक' म्हणून. मी वहाणेने खरडायला गेले तर मुक्ता म्हणाली, "आत्या, सोड." आत शिरलो. दहा पावलांत ऊन संपलं, आणि चिप्सवाले इतके आत येत नाहीत हेही कळलं, कारण पुढे कचरा नव्हता. दोन्ही बाजूंनी काळा कातळ, मधे पाणी घोट्याएवढं, कुठे मांडीएवढं, तळाला वाटोळे रांजणखळगे. खेकडे दगडाखाली सरकत होते. वर कुठेतरी शीळकरी कस्तुर पक्षी गात होता, त्याचं ते नेहमीचं, एखाद्या रिकामटेकड्या पोराने रस्त्याने शीळ घालत जावं तसं. मी पुढे होते, पण थोड्या वेळाने मुक्ता पुढे गेली. दिन्या, तिला कुणी शिकवलं? ओल्या दगडावर ती पाय आडवा ठेवते आणि भार टाकायच्या आधी एकदा दाबून बघते. तुला तंबूतल्या पाहुण्यांसमोर भाषणं देताना मी बघितलं होतं, तिला हे शिकवताना बघितलं नव्हतं.

अण्णांनी आपल्याला मागे फिरवलं होतं तो डोह आला. मुक्ताने माझी पिशवी डोक्यावर घेतली, मी तिचा खांदा धरला. पाणी इतकं गार होतं की माझ्या तोंडातून अपशब्द गेला आणि ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली. पलीकडे निघालो. घळ उजवीकडे वळली. वळणापलीकडे कडा होता.

उंच होता. वरून पाण्याची एक बारीक धार येत होती. आणि त्याच्या डोक्यावर तो ओट्याएवढा कातळ, पुढे आलेला, सुजितने मोबाईलवर सगळ्या गावाला दाखवलेला. मुक्ता मान वर करून उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते, ती आता कोसळेल म्हणून. ती म्हणाली, "आत्या, ते काय आहे?"

कड्याच्या डाव्या कुशीत, एका फुगीर कातळाच्या आडोशाला, चीर होती. माणूस मावेल एवढी, तिरकी, आणि तिच्यात एकावर एक दगड अडकून बसलेले. पायऱ्याच म्हण. खालच्या डोहापासून थेट त्या ओट्याच्या कडेपर्यंत. खालून बघणाऱ्याला इतकी ढळढळीत दिसणारी वाट मी दुसऱ्या कुठल्या घळीत बघितलेली नाही. अण्णा असते तर भाकरीची पिशवी न उघडता सरळ चढले असते.

वरून दोरावर लोंबकळत आलेल्या सुजितच्या पोरांना ती दिसणारच नव्हती. तो फुगा मधे येतो. आणि दिसली असती तरी त्यांनी बघितलं नसतं. दोरवाले कड्याकडे बघतात ते तो केवढा उंच आहे हे मोजायला. त्यावर चढता येईल हे त्यांच्या डोक्यात येतच नाही.

मी चिरेत हात घातला आणि थांबले. पहिल्या दगडावरचं शेवाळ खरवडलेलं होतं. दुसऱ्यावरचंही. जिथे जिथे पाय पडायला हवा तिथे तिथे कुणीतरी कोयत्याने कातळ साफ केलेला, हलणारे धोंडे काढून खाली एका बाजूला रचून ठेवलेले. सुट्या शेवाळाचे तुकडे तळाशी वाळून पडले होते आणि साफ केलेल्या जागी पुन्हा बारीक हिरवी झाक आली होती. म्हणजे हे काम तू गेलास त्याच्या कितीतरी आधीचं. आणि खालून वर केलेलं. खाली उभं राहून हात पोहोचेल तिथवर साफ करायचं, मग त्यावर चढून पुढचं.

 मुक्ता झपाझप वर गेली, ओट्यावर पोहोचली आणि मला हात दिला. गुडघ्यांनी तक्रार केली, पण चढले. ओट्यावर दोन माणसं आरामात बसतील एवढी जागा आहे. ऊन येतं, दुपारचं. समोर घळ खाली वळत जाते आणि लांब धरणाच्या पाण्याचा एक तुकडा दिसतो. चीर तुझ्या पायाजवळ सुरू होत होती. वरून डोकावलं तर नुसता फुगा दिसतो, पण माहीत असलेल्याने पाय खाली सोडला की पहिला दगड.

मुक्ता त्या चिरेकडे बघत म्हणाली, "आत्या, बाबांची सॅक परत आली ना, त्यात दोर गुंडाळून ठेवलेला होता. नीट. आणि डबा. डब्यात अर्धी भाकरी आणि ठेचा. सुजितदादा म्हणाला, त्यांनी पुरवून पुरवून खाल्ली, दोन रात्री."

"दोन रात्री पुरवून खाणाऱ्याचा ठेचा उरत नाही," मी म्हटलं. "तुझा बाप ठेचा आधी संपवायचा आणि मग कोरडी भाकरी खात बसायचा. लहानपणापासून."

"मग?"

"मग तो पहिल्याच दुपारी गेला. जेवता जेवता. दोर त्याने आत टाकला कारण त्याला पुढे दोर लागणारच नव्हता. तो इथून चालत घरी जाणार होता."

"म्हणजे हाका नाही मारल्या?"

"हाका कशाला मारेल? भाकरी खाताना?"

ती रडली. पण ते रडणं वेगळं होतं. मीही रडले. आणि मग, दिन्या, मला इतका राग आला की मी त्या ओट्यावर हात आपटला. आधी खालून येऊन वाट बघून गेलास! अण्णांनी सांगितलं तसं, मी भांडले तसं, अक्षरशः तसंच केलंस, आणि मग वर जाऊन दोर लावलास. तुला ते मला सांगायला काय झालं होतं? एक फोन! 'ताई, वाट आहे' एवढं म्हणायला तुझी जीभ झडली होती?

खाली उतरून तोंडाशी आलो तर सोमा उंबराखाली आमची वाट बघत बसला होता. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, दसऱ्याच्या आधी भाऊ लई डाव गेल्ता खालनं. कोयता माझाच नेला हुता."

"आणि हे तू आम्हाला आत्ता सांगतोस?"

"मला काय ठाव तुमाला ठाव न्हाई? सुजितला म्हनलो हुतो, भाऊला वाट ठाव हुती. तो म्हनला, तू गप. तुला दोरातलं काय कळतंय?" मग थोडा घुटमळला. "आन भाऊनं सांगितलं हुतं, ताईला बोलू नगं. आदी घळ उतरून हुं दे, मंग मीच तिला खालनं नेतो, वरनं दावतो. आत्ताच कळलं तर म्हनंल, बघ, माझंच खरं केलंस. जलमभर डोक्यावर बसंल."

बसलेच असते. शंभर टक्के बसले असते.

कॅम्पवर सुजित पाटी घेऊन तयार होता. चकचकीत. त्यावर तुझं नाव आणि खाली, 'येथे दोन रात्री मृत्यूशी झुंज देत...' वगैरे. त्याने ती मुक्ताच्या हातात दिली. "बघ, कशी झालीय. उद्या तू सर अडकले होते तिथे धरायचीस, मी ड्रिल मारतो."

मुक्ताने वाचली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. "दादा, बाबा अडकले नव्हते. जेवायला बसले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे उतरायची वाट त्यांच्या पायाशी होती. त्यांनीच साफ केलेली. भूक लागली म्हणून बसले आणि गेले. झुंज नाही, काही नाही."

सुजितचं तोंड बघण्यासारखं झालं. तो माझ्याकडे वळला. "पण मॅडम, लोकांना असं कसं सांगायचं? टी-शर्ट छापून आलेत."

"तंबू पुसायला घे," मी म्हटलं.

त्याने आणखी काही म्हटलं, तुझ्या इमेजविषयी, पण मुक्ता ऐकायला थांबली नाही. चुलीपाशी गेली, सोमाला म्हणाली, भाकरी दे. दोन खाल्ल्या, पिठलं दुसऱ्यांदा घेतलं, आणि हात धुऊन तिथेच चटईवर आडवी झाली. दिवसाउजेडी, सुजितची माणसं उद्याच्या मंडपाच्या खुर्च्या आपटत असताना, तुझी पोर झोपली. एकदाही दचकली नाही. मी तिच्या अंगावरच्या माश्या हाकलत बसले होते आणि तुला शिव्या घालायला एखादं कारण शोधत होते. सगळी तपासून पाहिली. एकही उरलेलं नाही, दिन्या. आता मी कुणाशी भांडू?